डाव्या नाकपुडीतला वास

वास माझ्याच नाकात होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच तर्क लढवत बसणार नाही. दाढेच्या मुळाचा एक तुकडा माझ्या डाव्या गालाच्या आतल्या पोकळीत जाऊन बसला होता. तिथे पू झाला होता, आणि चार महिने मी सगळ्यांना सांगत होते की माझ्या सुनेच्या अंगाला वास येतो. झालं. आता पुढचं ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठून जा, तुमची मर्जी.

मी नलिनी. बासष्ट पूर्ण. माझे सासरे नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. घर नेहरू नगरात, स्वतःचं. हे, म्हणजे गोपीनाथराव, सचिवालयातून रिटायर झाले आणि तेव्हापासून पेपर वाचतात. मुलगा विक्रांत विजेच्या ऑफिसात इंजिनिअर. आणि माझं म्हणाल तर माझं नाव आहे ते नाकामुळे. हसू नका. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाचा तुपाचा डबा उघडला की पहिली हाक मला. "नलिनीताईंना दाखवा आधी." एका वर्षी सगळ्या बायका म्हणाल्या दूध चांगलं आहे, मी एकटी म्हणाले नाही. हट्टाने तापवलं त्यांनी. फाटलं! पातेलंभर दूध बघत उभ्या राहिल्या सगळ्या. त्या दिवसापासून माझ्या नाकापुढे कुणी बोलायचं नाही, असं ठरूनच गेलं. मीही ते मनाला लावून घेतलं. माणसाला काहीतरी एक लागतं ना मिरवायला.

तर गेल्या श्रावणाच्या शेवटी, गणपतीच्या चार दिवस आधी, माझी वरची डावी दाढ ठणकायला लागली. माझी धाकटी बहीण अलका, तिचा मुलगा मिलिंद दातांचा डॉक्टर आहे, कोटऱ्यात त्याचा दवाखाना. घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं? गेले. काढता काढता तो मधेच थांबला. कपाळावर घाम आलेला दिसला मला.

"मावशी, मुळाचं टोक मोडलं," तो म्हणाला. "वर सरकलंय बहुतेक. तिथून सायनसची पोकळी अगदी जवळ असते. चार दिवसांनी ये, फोटो काढू. तोवर नाक शिंकरायचं नाही, जोरात ओढायचं नाही, चूळसुद्धा हळू भरायची."

चार दिवसांनी गणपती! मी काय फोटो काढत बसणार होते? मंडळात तुपाचे अकरा डबे आले होते, प्रत्येकात नाक घालून मी जोरजोरात हुंगलं. रवा हुंगला, खवा हुंगला, वेलदोडे हुंगले. वर थोडी सर्दी होती, ती दणकून शिंकरली. आणि दुखायचं थांबलं होतं, मग कशाला जायचं परत? शिवाय मंडळात मी सगळ्यांना सांगून बसले होते, आमच्या मिलिंदचा हात इतका हलका की कळतसुद्धा नाही. आता कुठल्या तोंडाने म्हणू, की त्याने मूळ आत ठेवलं म्हणून? नाही गेले. त्याचे दोन फोन आले, दोन्ही वेळा म्हटलं, ठणठणीत आहे मी.

पितृपक्ष लागला. एका सकाळी देवापुढे निरांजन लावायला वाकले, आणि भपकन वास आला. सडका. उंदीर मरून पडतो ना, तसा. मी म्हटलं, माळ्यावर उंदीर मेलाय. रविवारी विक्रांतला माळ्यावर चढवला, गाद्या, पितळी डबे, जुना कूलर, सगळं खाली उतरवलं. उंदीर नाही. मग फ्रीज धुतला, मोरीत फिनेल ओतलं, ओट्यावरची सगळी फडकी फेकून दिली. वास कधी यायचा, कधी नाही.

"मला तर काही येत नाही," हे म्हणाले.

यांना कुठून येणार! चाळीस वर्षं तपकीर ओढून ओढून यांचं नाक नुसतं चष्मा ठेवायला उरलंय.

मग मी पाळत ठेवली, आणि मला पत्ता लागला. जेवताना येतो. तन्वी वाढायला आली, वरण घालायला वाकली, की येतो. आज मला कळतं की ती वाकायची तेव्हा मीही ताटावर वाकलेली असायचे, आणि माझी मान खाली गेली की आतला तो पू हलायचा. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच बसलं. ही जवळ आली, वास आला. बस, पक्कं.

तन्वी म्हणजे विक्रांतची बायको. दोन वर्षं झाली होती लग्नाला. माहेर आनंद नगरचं, वडील मोठ्या कारखान्यात नोकरीला म्हणून पुण्याकडून आलेले. ती स्वतः मंडीदीपला औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये. सकाळी साडेसातला डिपो चौराह्यावरून कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत. वाईट मुलगी नव्हती, खोटं कशाला बोलू? हसरी होती. जरा जास्तच हसरी. आल्या आल्या पर्स टाकायची आणि माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसायची, "काय आई, आज काय काय केलंत?" मला आवडायचं ते. कधी बोलून दाखवलं नाही, पण आवडायचं.

मी एक दिवस सांगितलं, "मंडीदीपहून आलीस की मागच्या दाराने ये. कपडे तिथेच बदल, आंघोळ कर, मगच आत ये."

"का हो आई?"

"तुझ्या कंपनीचा वास येतो अंगाला."

तिने खांद्यावरचा कुडता ओढून हुंगला, आणि हसली. "मला तर नाही येत!"

"स्वतःचा कुणाला येतो?" मी म्हटलं.

मागच्या दाराने यायला लागली. मागच्या व्हरांड्यात पडदा बांधून घेतला तिनेच, तिथे कपडे बदलायची. वास गेला नाही. मग मी तिचे कपडे वेगळे धुवायला लावले. मग टॉवेल वेगळा. मग रोज डोक्यावरून आंघोळ. नोव्हेंबर आला, भोपाळची थंडी तुम्हाला माहीत असेल, ओले केस घेऊन ती पोळ्या लाटायची आणि शिंकायची. मी म्हटलं, पोळ्यांवर शिंकू नकोस, राहू दे, स्वयंपाकघरातच येऊ नकोस तू. दिवाळीच्या चकल्या मी एकटीने केल्या. ती बाहेरच्या खोलीत दाराशी बसून विचारायची, "आई, मी निदान कणकेचा डबा भरून देऊ?" मी म्हणायचे, नको.

एकदा काय झालं, संध्याकाळी आम्ही दोघीच घरी होतो आणि मी चहा पीत होते. घोट घेतला आणि डाव्या नाकपुडीतून चहा टपटप बशीत पडला. मी पदराने पटकन पुसलं. पण तन्वीने बघितलं होतं. ती जवळ आली, खाली बसली, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आई, रागावू नका. चहा नाकातून येतोय, म्हणजे दाढेच्या जागी वर भोक राहिलं असेल. आमच्या लॅबमधल्या मॅडमना असंच झालं होतं. त्यांना पण सारखा घाण वास यायचा. तुम्ही एकदा मिलिंददादांना दाखवता का?"

किती नीट बोलली होती! आज आठवलं की अंगावर काटा येतो. पण तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला. म्हणजे वास माझा? माझा? ज्या नाकापुढे अख्खं मंडळ गप्प बसतं, त्या नाकाला ही कालची पोरगी भोक पाडणार?

"तुझ्या आईने तुला धड आंघोळ करायला शिकवलं नाही," मी म्हटलं, "आणि तू मला माझं नाक शिकवतेस?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. आईचं नाव काढलेलं लागलं तिला. लागावं म्हणूनच काढलं होतं.

त्यानंतर मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मला साक्षीदार हवे होते. पुढच्या रविवारी अलका आली जेवायला, मिलिंदही होता. जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून बैठकीच्या मधोमध ठेवलं आणि म्हटलं, "तन्वी, बस इथे. अलका, तू बघ गं. मी म्हणते ते खरं की खोटं, तूच सांग. म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको, सासू छळते."

विक्रांत म्हणाला, "आई, हे काय चाललंय?" पण जागचा उठला नाही. यांनी पेपर वर धरला.

तन्वी बसली. हात मांडीवर ठेवून, लहान पोरं डॉक्टरकडे बसतात तशी. अलका उठली, तिच्या मानेजवळ गेली, केसांजवळ गेली. माझ्याकडे बघितलं. अलका लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर नाही. मी काळं म्हटलं तर तीही काळं म्हणणार. तिला काडीचाही वास आला नव्हता, ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

"येतो बाई," अलका म्हणाली. "थोडासा येतो खरा."

"विक्रांत?" मी म्हटलं.

"मला नको ओढू यात."

"नवरा आहेस. तुला नाही तर कुणाला येणार? खरं बोल."

तो वैतागला होता. रोज घरी आलं की तेच, वास, वास, वास. त्याला ते संपवायचं होतं, कसंही. तो म्हणाला, "येत असेल थोडा. केमिकलचा. इतना क्या है उसमें? कंपनीतल्या सगळ्यांनाच येत असेल."

तन्वीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. रडली नाही, भांडली नाही. स्टुलावरून उठली, स्टूल उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं, आत पाऊल न टाकता, आणि खोलीत गेली.

त्या दिवसानंतर तिचं हसणं बंद झालं. शेजारच्या वैशालीने मला सांगितलं, तिची भाची त्याच बसने जाते, की तन्वी बसमध्ये हल्ली सगळ्यात मागे एकटी बसते आणि कुणी शेजारी येऊन बसलं तर उठून उभी राहते. तोंडाला मास्क. लॅबमध्ये दोघीतिघींना तिने बाजूला घेऊन विचारलं म्हणे, की माझ्या अंगाला वास येतो का, खरं सांगा. त्या म्हणाल्या नाही, तर म्हणाली, तुम्ही चांगल्या आहात म्हणून बोलत नाही. घासून घासून तिच्या कोपरांची सालं निघाली होती. पोळ्यांना हात लावायचा नाही म्हणून ती जेवायच्या वेळी दाराशी ताट धरून उभी राहायची, आणि मी चिमट्याने पोळी टाकायचे तिच्या ताटात. हो, चिमट्याने. ऐकायचं होतं ना तुम्हाला?

आणि मला काय वाटत होतं? मला बरं वाटत होतं. मी बरोबर ठरले होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. गाल सुजलेला, अंगात ताप. हे घाबरून नुसते हिंडत होते घरात. तन्वी बसला निघाली होती. तिने लांबूनच माझा चेहरा बघितला आणि पर्स खाली ठेवली. मिलिंदला फोन लावला. "दादा, आईंच्या डोळ्यापर्यंत सूज आलीय. तुम्ही लगेच या. थांबू नका." ती त्या दिवशी कामावर गेली नाही. मिलिंद येईपर्यंत माझ्या खोलीच्या बाहेर, भिंतीला टेकून उभी होती, आत न येता.

मिलिंदने मला नाक-कान-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाकी कुणाला बरोबर घेतलं नाही, सगळं मी बघतो म्हणाला. बाईंनी नाकात दुर्बीण घातली, मग स्कॅन काढून आणायला सांगितला. तो उजेडासमोर धरून त्या मिलिंदला विचारायला लागल्या. वरची दाढ काढलीय का? कधी? कुणी? एकाच बाजूने असा घाण पू येत असला की आम्ही आधी दातच विचारतो, म्हणाल्या. मिलिंद जमिनीकडे बघत होता. त्यांनी मला दाखवलं. उजवीकडची पोकळी काळी, मोकळी. डावीकडची पूर्ण भरलेली, आणि तिच्यात एक पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा.

"अम्माजी, बदबू तो बहुत आती होगी आपको?" बाई म्हणाल्या. "इतने महीने से। घर में किसी को बताया नहीं?"

"बताया," मी म्हटलं. "सबको बताया."

गाडीत बसल्यावर मिलिंदने किल्ली फिरवलीच नाही. म्हणाला, "मावशी, चूक माझी आहे. मी तुला ओढून न्यायला हवं होतं फोटोला."

मी स्कॅनचं पाकीट पिशवीत घातलं.

"घरी काय सांगायचं?" तो म्हणाला. "म्हणजे, नाकाचं हाड वाकडं आहे, त्याचं ऑपरेशन, असं सांगितलं तर? माझा दवाखाना आत्ता कुठे चालायला लागलाय. लोकांना कळलं की मावशीच्याच दाढेचं..."

"हाडच सांग," मी म्हटलं.

मी मिलिंदसाठी गप्प बसले असं तुम्हाला सांगता आलं असतं. छान दिसलं असतं. पण तसं नव्हतं. गाडीत बसल्याबसल्या माझ्या डोळ्यासमोर ते स्टूल आलं. मग मी स्वतःशी हिशेब केला तो असा, की ऑपरेशन झालं की वास जाईल. मग एक दिवस मी सहज म्हणेन, गेला बाई वास, कंपनीने साबण बदलला वाटतं. तन्वी परत स्वयंपाकघरात येईल. कुणाला काही कळायचं नाही, कुणाला काही म्हणावं लागायचं नाही. मी इतकी वाईट नव्हते हो. मला ते सगळं मिटवायचंच होतं. फक्त मला वाकायचं नव्हतं.

पण विक्रांतने घात केला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो तन्वीला घेऊन माझ्या खोलीत आला. ती दारात थांबली. त्याने बहुतेक आदल्या रात्री तिचं रडणं ऐकलं असावं, कारण पहिल्यांदाच तो माझ्याशी उभा राहून बोलत होता.

"आई, तन्वीचं म्हणणं आहे की वास तुझ्या नाकातच असेल. आता नाक साफ होणार आहे. आता फैसला होऊन जाऊ दे. पट्ट्या निघाल्या की तू सांगायचं. वास गेला, तर तो तुझा होता. मग तू सगळ्यांसमोर तन्वीची माफी मागायची. मावशीसमोर पण."

"आणि नाही गेला तर?" मी म्हटलं.

तन्वीच बोलली. "नाही गेला तर मी आनंद नगरला जाईन, आई. मग माझ्यातच काहीतरी आहे. तुम्हाला किती दिवस त्रास द्यायचा?"

"आणि तू?" मी विक्रांतला विचारलं.

"मग बघू," तो म्हणाला. त्या 'बघू'मध्ये तो तिच्याबरोबर जाणार नव्हता, हे मला कळलं. तिलाही कळलं असणार.

ऑपरेशन झालं. नाकातून तुकडा काढला, तोंडातलं भोक शिवलं. आठवडाभर नाकात पट्ट्या होत्या, तोंडाने श्वास घेत पडून होते. तन्वी कंपनीतून येऊन आंघोळ करून माझ्यासाठी पेज करायची, कारण आता दुसरं कोण करणार होतं? आणि ती वाटी यांच्या हाती पाठवायची. मी पेज खायचे आणि तिची भीती वाटायची मला. सुनेची भीती! तिने काही केलं म्हणून नाही. तिचं खरं होतं म्हणून.

पट्ट्या काढल्या. पहिले दोन दिवस नुसतं रक्ताचं आणि औषधाचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला उकडलेल्या बटाट्यांचा वास आला. मी पडल्या पडल्या रडले. मग चहाच्या आल्याचा, यांच्या तपकिरीचा, उशीच्या अभ्र्यावरच्या उन्हाचा. चार महिन्यांनी जग परत आलं होतं. सडका वास कुठेच नव्हता. खाली वाकून बघितलं, मान हलवून बघितली, निरांजन लावायला मुद्दाम दोनदा वाकले. नाही. साफ गेला होता.

रविवारी सगळे जमले. अलका आली, मिलिंद आला, माझ्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून. चहा झाला. मला वाटलं, विक्रांत विसरला असेल. कुठला विसरतोय! त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, आता."

तन्वीला कुणी सांगितलं नाही. तीच जाऊन स्टूल घेऊन आली, आणि ते माझ्या खुर्चीजवळ ठेवून बसली. इतक्या जवळ ती कित्येक महिन्यांत आली नव्हती. ओले केस पुढे घेतले, मान थोडी वाकवली. पाठीची हाडं वर आली होती. किती वाळली होती पोरगी!

मी वाकले. दीर्घ श्वास घेतला. साधा लिंबाचा साबण. खोबरेल तेल. बोटांना आलं किसल्याचा वास, तो माझ्याच चहाचा. आणि त्याखाली तिचा स्वतःचा, दोन वर्षं खुर्चीच्या हातावर येऊन बसायची तेव्हाचा, मला चांगला ओळखीचा. इतकं स्वच्छ माणूस मी उभ्या आयुष्यात हुंगलं नसेल. वाटलं, तिला जवळ ओढावं, म्हणावं, नाही गं बाळा, नव्हताच कधी.

मी वर बघितलं. मिलिंद. त्याला सगळं माहीत होतं, तो त्याच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. अलका माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणते ते म्हणायला तयार. आणि विक्रांत. त्याच्या चेहऱ्यावर आधीच आलं होतं ते, की आता ही माफी मागणार. इतके महिने बायकोसाठी एक शब्द न काढलेला माझा मुलगा, आज माझी मान खाली गेलेली बघायला खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता.

"खरं सांगा, आई," तन्वी मान वाकवूनच म्हणाली. "मला वाईट नाही वाटणार. फक्त खरं सांगा."

"येतो," मी म्हटलं.

विक्रांत खुर्चीत मागे सरकला.

"येतो," मी पुन्हा म्हटलं. "नाक मोकळं झालं ना, आता तर अजूनच जास्त येतो."

"हो ना," अलका म्हणाली. "मला वाटलंच."

मिलिंदने डोळे मिटून घेतले. मी त्याच्याकडे रोखून बघत होते. बोल ना! मी मनात म्हणत होते, बोल रे मेल्या, तुझ्या तोंडात आहे, बोलून टाक, मला खोटं पाड! तो बोलला असता तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या आणि सुटले असते. तो उठला, पेशंट आहे म्हणाला, आणि निघून गेला.

तन्वीने हळूच विचारलं, "कुठून येतो, आई? केसांतून की... म्हणजे डॉक्टरला दाखवताना सांगता येईल मला."

"सगळीकडून," मी म्हटलं.

तिने मान हलवली, एखादीला बसची वेळ सांगावी आणि तिने बरं म्हणावं तशी. विक्रांत काहीतरी पुटपुटत होता, आई तू नीट हुंगलंस का, परत एकदा बघ. तीच त्याला म्हणाली, "राहू दे रे. कितनी बार पूछेंगे?"

दुपारी तिची एक बॅग भरून झाली. विक्रांतने गाडी बाहेर काढली, तिला आनंद नगरला सोडून तो परत येणार होता, दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिस होतं. ती यांच्या पाया पडली. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून शब्द निघाला नाही, आमच्या घरात पुरुषांचे शब्द कधी वेळेवर निघत नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. मी पाय पुढे घेतले. ती चार पावलं अलीकडेच थांबली, आणि तिथल्या तिथे वाकून जमिनीला हात लावला, हात कपाळाला नेला.

"लांबूनच करते, आई," ती म्हणाली. ओढणीचं टोक तोंडापुढे धरून बोलत होती, तिचा श्वास माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. "ऑपरेशन ताजं आहे तुमचं, उगाच त्रास व्हायचा."

मी टोमण्याची वाट बघत राहिले. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे चार गोष्टी सुनावल्या असत्या आणि मन हलकं झालं असतं. पण तो टोमणा नव्हता. तिला खरंच माझी काळजी वाटत होती. मी बरं म्हणून मान हलवली, आणि ती गाडीत मागच्या सीटवर, काच उघडी ठेवून, विक्रांतपासून जमेल तितकी लांब जाऊन बसली.